वस्तीतल्या कामाची खबर वस्तीला आधी कशी मिळेल? : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : आमचा दक्षिण नागपुरातला जुना गुंठेवारीचा लेआउट आहे, नव्वदेक घरं. मी नागरी समितीचा सचिव. मीटिंग बोलावली की तेच पाच-सहा रिटायर्ड लोक येतात, बाकीचे म्हणतात काका तुम्हीच करून टाका ना. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सकाळी फुलं आणि रात्री फॉरवर्ड. लोकांना काही घेणंदेणंच नाही असं वाटून राहिलं. काय करावं?

काका, घेणंदेणं नाही हे मला काही पटत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक निघते तेव्हा बडग्यांवरच्या (सोबतच्या पुतळ्यांवरच्या) पाट्या वाचा, महागाईपासून खड्ड्यांपर्यंत सगळं त्यावर असतं, आणि ही रीत आपल्याकडे १८८० च्या दशकापासून चालू आहे. नागपूरच्या माणसाला बोलायचं असतंच. पण आपण त्याला बोलावतो कसं ते पाहा ना. "रविवारी सकाळी ११ वाजता सभा, विषय : लेआउटच्या समस्या". आता रविवारी ११ ला कोणाकडे पाहुणे, कोणाची बुटीबोरीला ड्यूटी, आणि समस्या म्हणजे नेमकी कोणती, माझ्या घराशी तिचा काय संबंध हे त्या मेसेजमधून कळतच नाही, मग तो माणूस कशाला येईल?

त्याऐवजी असं लिहून पाहा : "शनिवारी संध्याकाळी ७ वाजता मंदिराच्या ओट्यावर अर्धा तास. तिसऱ्या गल्लीत सिमेंट रोड होणार आहे. रोडची उंची आपल्या जोत्यापेक्षा वर जाणार का, हे जेई (ज्युनिअर इंजिनिअर) साहेबांना लेखी विचारायचं आहे. गल्लीतल्या प्रत्येक घरातून एक जण यावा." हा मेसेज वाचून तिसऱ्या गल्लीतला माणूस घरी बसणार नाही, कारण सिमेंट रोड वर आला आणि पावसाचं पाणी अंगणातून हॉलमध्ये शिरलं अशी घरं आपल्या शहरात प्रत्येकाने पाहिली आहेत. आणि हे रोड टाकायच्या आधीच विचारावं लागतं, काँक्रीट पडल्यावर तो कोणी खोदून खाली घेत नाही. त्या दिवशी कोणी टेप घेऊन या, आत्ताच्या रस्त्यापासून प्रत्येक घराचं जोतं किती इंच वर आहे ते मोजा, वहीत घर नंबरनुसार लिहा, घरमालकाची सही घ्या, आणि त्या पानाची झेरॉक्स अर्जाला जोडा. जेई साहेबांपुढे नव्वद लोकांच्या आरड्याओरड्यापेक्षा ते एक पान जास्त कामाचं आहे.

दुसरं, ग्रुप दोन करा. एक गप्पांचा, तो आहे तसा चालू द्या, त्यावर चिडू नका. दुसरा फक्त सूचनांचा, त्यात फक्त अ‍ॅडमिनच लिहितील आणि तेसुद्धा आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी : या आठवड्यात काय होणार, आपण कुठे काय अर्ज दिला, त्याचं काय झालं. उत्तर आलं नसेल तर "उत्तर आलं नाही" एवढं तरी लिहाच, आणि अर्जाच्या शिक्क्याच्या पोचीचा फोटो टाका. लोकांचा विश्वास बसतो तो त्या शिक्क्यावर, सचिवाच्या भाषणावर नाही.

तिसरी गोष्ट माझ्या फार जवळची आहे. तुमच्या ग्रुपमध्ये किती बायका आहेत ते मोजा. बहुतेक लेआउटमध्ये घरटी एक नंबर घेतात आणि तो नवऱ्याचा असतो. नळ किती वाजता आला, कचरागाडी आली की नाही, गडर लाइनचं (सांडपाण्याच्या लाइनचं) चेंबर कधी भरलं हे घरी असणाऱ्या बाईला माहीत असतं आणि सूचना मात्र ऑफिसात बसलेल्या माणसाच्या फोनवर जाते. प्रत्येक घरातला दुसरा नंबर घ्या. जे आजी-आजोबा फोन पाहत नाहीत त्यांच्यासाठी किराणा दुकानाबाहेर आणि डेअरीपाशी एक-एक फळा लावा, मोठ्या अक्षरात, खाली तारीख टाकून.

आणि "तुम्हीच करून टाका" याला उत्तर म्हणजे एकेका माणसाला एकच छोटं काम द्या. चौथ्या गल्लीतल्या पोराने फक्त बंद स्ट्रीटलाइटच्या खांबांचे नंबर लिहून आणायचे, बस. खांबाचा नंबर तक्रारीत असला की लाइनमनला शोधत फिरावं लागत नाही.

प्रश्न : काम सुरू झाल्यावरच आम्हाला कळतं. जेसीबी दारात उभा राहतो तेव्हा. आधी कळायला काही मार्ग आहे का?

आहे, पण सगळ्यात आधी तो रस्ता किंवा ती जागा कोणाची ते विचारा. नागपुरात मनपा आहे आणि १९३६ च्या कायद्याने आलेली नासुप्र (नागपूर सुधार प्रन्यास) सुद्धा आहे, काही रस्ते पीडब्ल्यूडीचे, काही मेट्रोच्या कामाखाली. चुकीच्या ऑफिसात अर्ज दिला की महिना तिथेच जातो.

मग माहिती अधिकार. २००५ च्या कायद्याचं कलम ४ सांगतं की कामं, खर्च, निर्णय हे ऑफिसनेच न मागता जाहीर करायचे असतात. शिवाय राज्य सरकारने २०१८ मध्ये शासन निर्णय काढला आहे की जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत आणि स्थानिक संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ लोकांना रेकॉर्ड पाहू द्यायचं. हे फार कमी लोकांना माहीत आहे! दोघं-तिघं मिळून जा, त्या शासन निर्णयाची प्रिंट हातात ठेवा, तुमच्या प्रभागात यंदा मंजूर झालेल्या कामांची यादी आणि वर्क ऑर्डर (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) पाहायला मागा. पाहूनही काही राहिलं तर १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज, एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राचा नियम तसा आहे. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील.

झाडांचं मात्र वेगळं आणि घाईचं. झाड तोडायचं असेल तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे नोटीस निघते, पेपरात येते, झाडावर लावतात, आणि हरकतीला फक्त ७ दिवस. म्हणून वस्तीतल्या एकाने रोज पेपरातल्या जाहीर सूचना वाचायच्या आणि आपल्या भागाचं दिसलं की फोटो काढून ग्रुपवर टाकायचा, हे एकच काम त्याच्याकडे. २०२१ मध्ये अजनी वनातली झाडं वाचवायला लोक उभे राहिले तेव्हा पोस्टर, मोर्चे तर होतेच, पण मुदतीत लेखी हरकतीही दिल्या गेल्या, त्या लेखी हरकती महत्त्वाच्या.

प्रश्न : पावसाळ्यात रात्री नाल्याचं पाणी वाढलं की मी ग्रुपवर मेसेज टाकतो, सकाळी उठून लोक वाचतात. याला काय करायचं?

रात्री २ वाजता मेसेज कोणी वाचणार नाही, फोनच करावा लागतो. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला आणि अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीकडे लोक झोपेत असताना पाणी घरात आलं, माणसं गेली. म्हणून आत्ताच बसून यादी करा : ग्राउंड फ्लोअरला एकटं कोण राहतं, कोणाला चालता येत नाही, कोणाकडे तान्हं बाळ आहे, आणि त्या प्रत्येकाला फोन करणारा वरच्या मजल्यावरचा शेजारी कोण. फोन उचलला नाही तर दार कोण वाजवणार तेही लिहा. ही यादी ग्रुपवर टाकू नका, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची माहिती अशी फिरवायची नसते. दोघा-तिघांकडे कागदावर ठेवा.

आणि पाणी शिरलंच तर भिंतीवरच्या पाण्याच्या खुणेचा तारखेसकट फोटो काढून ठेवा. त्या पुरानंतर तिकडचे रहिवासी हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठात गेले, तेव्हा यंत्रणांना उत्तरं द्यावी लागली. अशा वेळी ज्याच्याकडे कागद-फोटो असतात त्याचं म्हणणं टिकतं.

प्रश्न : आम्ही फ्लॅट स्कीममध्ये भाड्याने राहतो. सोसायटीवाले म्हणतात तुम्ही कशाला बोलता. खरंच आम्हाला अधिकार नाही का?

सोसायटीच्या सभेत मत सभासदाचं, ते ठीक. पण समोरचा रस्ता, नाली, दिवे, बगीचा यासाठी मनपाकडे अर्ज द्यायला घर स्वतःचं लागत नाही, माहिती अधिकारालाही नाही. इथे नेहमीसाठी राहत असाल तर फॉर्म ६ भरून नाव इथल्या मतदार यादीत आणा, आधीच दुसरीकडे असेल तर फॉर्म ८. मनपा निवडणुकीची प्रभागवार यादी विधानसभेच्या यादीतूनच करतात, त्यामुळे निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

प्रश्न : निवडणुकीत आमच्या समितीत दोन गट पडले. एका गटाचे लोक एका नगरसेवकाकडे जातात, दुसरे दुसऱ्याकडे. काम कोणाचंच होऊन नाही राहिलं.

आपल्याकडे २०१७ च्या निवडणुकीपासून बहुतेक प्रभागांत चार नगरसेवकांची पद्धत आहे (तेव्हा ३८ प्रभाग, १५१ नगरसेवक), त्यामुळे हे होतंच. समितीचा प्रत्येक अर्ज चौघांच्याही नावाने काढा, एकच मजकूर, एकाच दिवशी, चौघांची पोच, आणि प्रत झोनच्या सहायक आयुक्तांना. वस्तीत बोलवायचं तर चौघांनाही एकत्र बोलवा, जो येईल तो येईल, पण एकट्याला बोलावू नका. समितीच्या सूचनांच्या ग्रुपवर कोणत्याच पक्षाचा फोटो, अभिनंदन, वाढदिवस नको, हे आधी सगळ्यांच्या सह्यांनी ठरवून घ्या.

एवढं करूनही झोनमध्ये अर्ज पडून राहिला तर दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मनपा आयुक्तांचा लोकशाही दिन, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकायचा दिवस, असतो. अर्ज ठरलेल्या नमुन्यात, दोन प्रतींत, १५ दिवस आधी द्यावा लागतो आणि तक्रार वैयक्तिक स्वरूपाची लागते, म्हणून समितीच्या नावाने न देता ज्याच्या घरासमोर चेंबर तुंबतं त्याच्या नावाने द्या. दोन्ही गटांतला एकेक माणूस त्याच्यासोबत जाऊ द्या.