गुळाचा खडा आणि गळ्यातला मास्क

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत माझं छोटं फेटलिंग शॉप आहे. आसपासच्या फौंड्रींची कास्टिंग्ज, म्हणजे साच्यात ओतलेले धातूचे भाग, येतात; आम्ही ग्राइंडिंग करून, म्हणजे घासून साफ करून, परत पाठवतो. यालाच फेटलिंग म्हणतात. सगळ्या पोरांना मास्क आणून दिलेत, पण मी पाठ फिरवली की मास्क गळ्यात. दंड लावून बघितला, तरी तेच. धूळ बाधू नये म्हणून सुटी झाली की प्रत्येकाला गुळाचा खडाही देतो. अजून काय करू?
– एक उद्योजक

उत्तर : मालक, आधी गुळाचं बोलू. गूळ जरूर द्या, कोल्हापुरात गुळाला नको कोण म्हणणार! पण गूळ जातो पोटात आणि धूळ जाते फुफ्फुसात. दोघांची गाठ कुठंच पडत नाही. घसा जरा ओला होतो, बरं वाटतं, एवढंच. उलट गूळ खाल्ला म्हणजे भागलं, असं पोरांच्या डोक्यात बसतं.

आता मास्क. मी फौंड्रीत सेफ्टी ऑफिसर होतो. मास्क का काढला, असं विचारल्यावर ‘कंटाळा आला’ असं कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. एप्रिलच्या दुपारी पत्र्याखाली तो जड ग्राइंडर स्वतः धरून बघा. घामानं मास्क भिजतो, मग श्वास ओढत नाही. चष्म्यावर वाफ धरते, आणि नगावर पैसे असतील तर काच पुसायला थांबणं म्हणजे खिशाला चाट. पोरगं मास्क खाली ओढणारच. दंड बंद करा. आणि तो मास्क निळा सर्जिकल असेल, तर या धुळीपुढं तो गळ्यात काय नि तोंडावर काय, सारखंच.

एक करून बघा. संध्याकाळी शेवटचा जॉब, म्हणजे घासायचा नग, संपला, ग्राइंडर थांबले, की दिवे मालवा आणि जोराची बॅटरी लावा. झोत आपल्याकडं येईल असं, पण जरा बाजूला उभं राहून उजेडाकडं बघा. मघाशी स्वच्छ वाटणारी हवा धुरासारखी भरलेली दिसेल. जाड धूळ नाकात अडते, नाहीतर खाली बसते. फुफ्फुसाच्या तळापर्यंत जाते ती साधारण ५ मायक्रॉनच्या आतली, आणि ती एरवी दिसत नाही. तासन्‌तास तरंगत राहते. कास्टिंगला चिकटून आलेल्या वाळूतली सिलिका, म्हणजे वाळूचं मूळ खनिज, तीत असते; तीच फुफ्फुसाला घातक.

म्हणून खर्च करायचा तो धूळ तोंडाशी येण्याआधी पकडण्यावर. वाळू चिकटलेला जॉब थेट ग्राइंडरखाली घेऊ नका, आधी शॉट ब्लास्टिंगमधून (मशीनमध्ये बारीक छर्रे मारून वाळू झाडतात, त्यातून) काढा, आणि त्या मशीनच्या डस्ट कलेक्टरच्या पिशव्या फाटक्या नाहीत ना ते बघा. ग्राइंडिंगच्या टेबलाला एक्झॉस्ट लावा. हुड, म्हणजे धूळ ओढणारं तोंड, छताला टांगून उपयोग नाही; ठिणग्या ज्या दिशेला उडतात तिकडं, जॉबच्या अगदी जवळ पाहिजे. तुमच्याकडं मोठा पंखा पोरांच्या पाठीशी लावलेला असणार, पैज लावतो. तो एकाची धूळ दुसऱ्याच्या नाकात घालतो. सुटीला कंप्रेसरची हवा मारून कपडे झटकायची पद्धत आजच बंद करा. कोरडा झाडू नको, जमीन ओली करून झाडा किंवा व्हॅक्यूम घ्या. पण हे पाणी फेटलिंगपुरतंच, आणि विजेच्या ग्राइंडरपासून लांब. जिथं धातू वितळतो किंवा ओततात, तिथं थेंबसुद्धा चालत नाही. पाण्याची एकदम वाफ होऊन वितळलेला रस उसळतो.

एवढं केल्यावर उरलेल्या धुळीसाठी मास्क. आयएस ९४७३ (अशा मास्कचं भारतीय मानक) असं छापलेला, बारीक धूळ अडवणाऱ्या एफएफपी-२ दर्जाचा, व्हॉल्व्हवाला घ्या; व्हॉल्व्हमुळं आत उकडणं कमी होतं. भिजला की दुसरा मिळाला पाहिजे. त्याचे पैसे पगारातून कापायचे नाहीत, कायदाही तेच सांगतो. दाढी असली तर कडेनं हवा शिरते. मास्क उतरवून पाणी प्यायला धुळीबाहेर जागा द्या, आणि त्या वेळेपोटी नगाचे पैसे बुडू देऊ नका. मग बघा गळ्यात किती राहतात ते.

प्रश्न : काका, माझे मिस्टर बरीच वर्षं ग्राइंडिंगला आहेत. यंदा जोतिबाच्या पायऱ्या चढताना दोनदा बसले. खोकला जात नाही. ते म्हणतात, तंबाखूमुळं असेल. टीबी तर नसेल ना?
– एक ताई, गोकुळ शिरगाव

उत्तर : ताई, घरी बसून अंदाज करू नका. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकाच्या धुळीनं फुफ्फुसात डाग पडण्याचा आजार, आणि टीबी वरून सारखेच दिसू शकतात, आणि सिलिकोसिस झालेल्याला टीबीचा धोकाही जास्त असतो. दोन्ही एकदम असू शकतात. छातीचा एक्स-रे, थुंकीची तपासणी आणि फुंकर मारून करतात ती श्वासाची चाचणी, तिन्ही करून घ्या. डॉक्टरांना ‘कंपनीत आहेत’ एवढंच सांगू नका. फौंड्रीच्या वाळूच्या धुळीत, इतकी वर्षं, असं स्पष्ट सांगा. टीबी औषधानं बरा होतो. सिलिकोसिसचे डाग जात नाहीत, म्हणून तसं निघालं तर त्यांना धुळीच्या कामावरून हलवायलाच हवं.

ईएसआयचं, म्हणजे कामगार राज्य विमा योजनेचं, कार्ड असेल तर त्यांच्या दवाखान्यात दाखवा. सिलिकोसिस हा कायद्यानं कामामुळं होणारा आजार मानलेला आहे, भरपाईचा हक्क लागू होऊ शकतो. त्यासाठी पगाराच्या स्लिपा, हजेरी कार्ड, जुन्या ठिकाणचे कागद एका पिशवीत घालून ठेवा. एक्स-रेची मूळ फिल्म घरीच असू द्या. कुणी मागितली तर रिपोर्टची झेरॉक्स द्या.