सदाफुलीचा काढा आणि नानांची किमो

लघवीच्या मार्गाचा कॅन्सर निघाला की आपल्या खान्देशातल्या घरांत एक प्रश्न हमखास येतो: किमोआधी झाडपाल्याचं करून बघू का?

अमळनेरकडच्या एका नानांच्या घरीही हेच झालं (ओळख बदलली आहे). बिडी जुनी. लघवीतून रक्त गेलं, पण दुखलं नाही, म्हणून उन्हाळी समजून धन्याचं पाणी दिलं. रक्त थांबलं, पुन्हा आलं. दुर्बिणीच्या तपासणीत मूत्राशयात गाठ दिसली, तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ती स्नायूत शिरलेली निघाली. डॉक्टरांनी आधी किमो, मग ऑपरेशन सांगितलं. मुलगा आला तो पिशवीत सदाफुलीची पानं घेऊनच. "ताई, काढा दिधा तं चालई का?"

मी त्याला किमोचा कागद काढायला लावला. मेथोट्रेक्सेट, व्हिनब्लास्टिन, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन. दुसऱ्या नावावर बोट ठेवून म्हटलं, "दादा, हे सदाफुलीतलंच आहे." कॅनडात नोबल आणि बिअर हे शास्त्रज्ञ मधुमेहासाठी सदाफुली तपासत होते. साखर उतरली नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं घटल्या. त्यातून १९५८ साली व्हिनब्लास्टिन हाती आलं. काढ्याचा धोकाही तोच, पांढऱ्या पेशी घटण्याचा. पानात हे द्रव्य इतकं थोडं, की एका ग्रॅमसाठी शेकडो किलो सुकी पानं लागतात. सोबत इतर अल्कलॉइडं (झाडातली अशीच जोरकस रसायनं) असतात ती वेगळीच. काढ्यात काय आणि किती उतरलं, कोण सांगणार? सलाइनमधला डोस नानांची उंची-वजन आणि रक्ताचा रिपोर्ट बघून ठरतो.

"मग हळदीच्या गोळ्या?" प्रयोगशाळेत हळदीतल्या करक्युमिननं मूत्राशयाच्या, प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशी मरतात, हे खरं. पण पोटातून रक्तात ते फारच कमी पोचतं. भाजीतली हळद खुशाल खावी. मिरीचा अर्क घातलेल्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. त्यानं इतर औषधांचं रक्तातलं प्रमाण बदलू शकतं.

मला खरी भीती वाटते ती चोरून दिलेल्या काढ्याची. सिस्प्लॅटिननं किडनीवर आधीच ताण येतो. त्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलं तर किमो पुढे ढकलावी लागते, आणि डॉक्टरांना कारण कळतच नाही. काही दिलंच असेल तर पुडीसकट दाखवा. रागावतील म्हणून लपवू नका.

काढा आत्यानं सुचवला होता. तिच्याशी फोनवर सविस्तर बोलले. भाऊ किमोनं खंगून जाईल, या काळजीनं ती रडत होती. उलटी थांबवायची औषधं आधीच देतात, ताप आला तर रात्रीसुद्धा लगेच दवाखाना गाठायचा, हे तिला नीट समजावलं. पुढच्या खेपेला नानांसोबत तीच आली.

किमो सुरू झाली आहे. बिडी सुटलेली नाही. त्यावर नानांशी बोलणं चालू आहे.