गौरव की वैभव?

चर्चच्या एका पत्रिकेत ‘पृथ्वीवरील सौंदर्य ही सार्वकालिक गौरवाची झलक होय’ असं वाक्य आहे. त्यावर विचारणा आली आहे की, गौरव म्हणजे तर सत्कार, ‘गुणगौरव समारंभ’ वगैरे; फुलापानांतून त्याची झलक कशी दिसणार? इथे ‘वैभव’ नको का?

शंका रास्त आहे, पण वाक्य चुकलेलं नाही. ख्रिस्ती मराठीत गौरव नुसता करायचा नसतो, तो देवाच्या ठायी आधीपासून असतोच. बायबलच्या नव्या करारात प्रेषित पौलाचं रोमकरांस पत्र आहे, त्यात माणसं पाप करून ‘देवाच्या गौरवाला उणे’ पडतात. तिथे ‘सत्कार’ घालून पाहा, अर्थाचा चुराडा होतो.

मूळ हिब्रू शब्द ‘कावोद’; ग्रीकमध्ये लिहिलेल्या नव्या करारात त्याच्या जागी ‘डॉक्सा’ येतो. कावोदच्या धातूचा अर्थ जड असणं. आणि आपलं गौरव? ‘गुरु’ म्हणजे जड, त्याचं भाववाचक नाम. लघु-गुरु, गुरुत्वाकर्षण यांतला तोच गुरु. दोन्ही भाषांचं कूळ वेगळं, तरी शब्द असा चपखल बसला! करिंथकरांस दुसऱ्या पत्रात (4:17) एकीकडे ‘हलके’ संकट आणि दुसरीकडे ‘सार्वकालिक गौरवाचा भार’ आहे. तिथे ‘वैभवाचा भार’ म्हटलं असतं, तर अंगभर दागिने घातलेली नवरीच डोळ्यांपुढे आली असती.

तरीही वैभव बायबलबाहेरचं नाही. रानातल्या भूकमळांएवढा शलमोन राजाही सजला नव्हता (मत्तय 6:29), तिथे शलमोनाचं ‘वैभव’च आहे. ग्रीक शब्द मात्र तोच, ‘डॉक्सा’. लूकच्या दुसऱ्या अध्यायात मेंढपाळांभोवती फाकतं ते ‘तेज’ (2:9) आणि पाचच ओव्यांनंतर देवदूत गातात तो ‘गौरव’ (2:14), तेही डॉक्साच. स्तोत्र 19 मध्ये आकाश वर्णन करतं तो ‘महिमा’, तिथे हिब्रूत कावोद. म्हणजे कावोद-डॉक्सा या एकाच कल्पनेला मराठीत चार प्रतिशब्द. काटेकोर नियम मला दिसत नाही, पण कल कळतो: राजाचा थाट ते वैभव, डोळे दिपवतं ते तेज, सृष्टी बोलून दाखवते तो महिमा, आणि पुढे प्रकट व्हायचा आहे तो गौरव. पत्रिकेतलं वाक्य पुढच्या काळाबद्दल आहे, म्हणून गौरवच ठेवावा. चर्चबाहेरच्या वाचकांसाठी लिहायचं असेल, तर ‘महिमा’ घ्या, कोणी अडखळणार नाही.

‘झलक’ मला जरा खटकते. आगामी सिनेमाची असते ती झलक. पौल ‘आरशात अस्पष्ट’ दिसण्याबद्दल बोलतो (1 करिंथ 13:12). त्या काळचे आरसे घासलेल्या धातूचे, प्रतिमा आजच्याइतकी स्वच्छ यायची नाही. तेव्हा ‘अंधूक दर्शन’ अधिक जवळचं.

‘सार्वकालिक’च्या जागी ‘शाश्वत’ मात्र घालू नका. व्याकरणाने चालेल, पण हल्ली शाश्वत म्हटलं की आधी शेती आणि विकास आठवतात.