एडीएफ, फर्स्ट लिबर्टी, बेकेट या अमेरिकेतल्या, धर्माच्या केस लढणाऱ्या आणि बहुतांशी ख्रिश्चनांच्या वकिली संस्था आपल्यासारख्या हिंदूंच्या काही कामाच्या आहेत का?

कामाच्या आहेत, निदान माझ्या तरी आल्या. पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय ना, की हे कट्टर लोक आपल्याला मूर्तिपूजक म्हणणार आणि आपण त्यांच्या केसचा फायदा घ्यायचा म्हणजे लाचारी, हे अगदी याच शब्दांत मी माझ्या सख्ख्या दिराकडून ऐकलंय, आणि एकदा नाही. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीत राहते, एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. नाव घेत नाही, कारण अजून तिथेच आहे. सेकंड शिफ्ट, दुपारी तीन ते रात्री अकरा. सासर वाईचं, आमच्याकडे उभ्या गौरी असतात, पितळी मुखवट्यांच्या. २०१९ च्या मे महिन्यात भारतात गेलो तेव्हा सासूबाईंनी मुखवटे माझ्या ओटीत घातले, गुडघ्यांमुळे त्यांच्याच्यानं आता होत नव्हतं. त्यांच्या जुन्या इरकली लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेले. धाकटीच्या नथीच्या भोकाशी किती वर्षांचं कुंकू बसून काळं झालंय, ते मी आजही घासून काढत नाही. विमानात सामानात टाकायची हिंमत झाली नाही, मांडीवर घेऊन आले. एकदा घेतल्या की खंड पडू द्यायचा नाही, एवढंच त्या म्हणाल्या.

तर त्याच वर्षी गौरी आवाहन आणि पूजन, या दोन संध्याकाळी मला घरी असणं भाग होतं. मी आठ आठवडे आधी सांगितलं. सुट्टी फुकट मागितली नाही, अदलाबदल मागितली. माझी एक सहकारी आहे, मेनोनाइट नावाच्या ख्रिश्चन पंथाची, ती रविवारी काम करत नाही. चार वर्षं तिचे रविवार मी करत होते, ती माझे शनिवार करायची, आणि त्याबद्दल कोणी कधी एक कागद मागितला नाही, कारण रविवार म्हणजे चर्च हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ती स्वतःहून म्हणाली की मी तुझ्या दोन्ही संध्याकाळी करते. सुपरवायझर म्हणाला, असं तुझ्यासाठी केलं तर उद्या सगळेच मागतील. एचआरने लिहून दिलं की त्या आठवड्यात तिचे चाळीसच्या वर तास जातात, सोळा तासांचा ओव्हरटाइम पडतो, सबब 'अनड्यू हार्डशिप', म्हणजे संस्थेला अवाजवी त्रास. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलला सोळा तासांचा त्रास!

मी कामावर गेले. आवाहन माझ्या बारा वर्षांच्या मुलीने केलं. रात्री साडेआठच्या ब्रेकमध्ये लॉकर रूमला बसून नवऱ्याने पाठवलेला व्हिडिओ बघितला, दोन मिनिटांचाही नसेल. दारातून आत कुंकवाची पावलं, मुलीच्या हातात मुखवटा, नवरा विचारतोय कोण आलं, ती म्हणते गौर आली, कशाच्या पावलांनी आली, आणि इथे ती अडली. मग तळहातावर पेनने लिहून ठेवलेलं बघून म्हणाली, सोन्याच्या पावलांनी. मी ते तिला शिकवायचं होतं, उंबऱ्यात तिच्याशेजारी उभं राहून. दुसऱ्या दिवशी हळदीकुंकवाला आठ बायका येऊन गेल्या, त्यांना कुंकू लावायला घरची सवाष्ण नव्हती. मी तेव्हा सेंट्रिफ्यूजसमोर उभी होते. खंड पडला नाही असं सासूबाईंना फोनवर सांगितलं, ते अर्धंच खरं होतं.

नंतर एका वकिलाला पैसे देऊन विचारलं. त्याने कागद वाचून पाच मिनिटांत सांगितलं की तुमची केस उभी राहणार नाही. इथे १९६४ चा सिव्हिल राइट्स कायदा आहे, त्यातल्या टायटल सेव्हनखाली मालकाने कामगाराच्या धर्मपालनाला जागा करून द्यायला हवी, अवाजवी त्रास होत नसेल तर. वाचायला छान. पण १९७७ मध्ये हार्डिसन नावाच्या माणसाची केस झाली, टीडब्ल्यूए विमान कंपनीच्या कॅन्सस सिटीच्या दुरुस्ती केंद्रात कामाला होता, शनिवार पाळायचा. त्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मालकाला किरकोळापेक्षा जास्त खर्च आला तरी तो अवाजवी त्रासच. कायद्यात दिलेलं त्या एका वाक्याने काढून घेतलं. पुढची सेहेचाळीस वर्षं शनिवार पाळणारे ज्यू आणि अॅडव्हेंटिस्ट ख्रिश्चन, शुक्रवारच्या नमाजाला जाणारे मुसलमान, पगडीवाले शीख, सगळे याच भिंतीवर डोकं आपटत होते, आणि माझे सोळा तास त्यात कुठे लागणार.

ही भिंत पाडली ती माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या तासावरच्या एका पोस्टमनने. जेराल्ड ग्रॉफ, क्वारीव्हिल आणि नंतर होल्टवूडच्या पोस्टात होता. पोस्टाने २०१३ मध्ये अॅमेझॉनशी करार केला, रविवारीही पार्सलं वाटायची. हा म्हणाला रविवार माझा देवाचा वार, मी नाही येणार. वर्षानुवर्षं मेमो खाल्ले, २०१९ च्या जानेवारीत राजीनामा दिला आणि कोर्टात गेला. खालच्या दोन्ही कोर्टांत हरला. त्याच्यामागे उभी राहिली टेक्सासची फर्स्ट लिबर्टी इन्स्टिट्यूट, आमच्या हॅरिसबर्गचं इंडिपेंडन्स लॉ सेंटर आणि अॅडव्हेंटिस्ट लोकांची एक संस्था. २९ जून २०२३ ला निकाल आला, नऊ विरुद्ध शून्य. उजवे-डावे सगळे न्यायाधीश एका बाजूला. आता मालकाला दाखवावं लागतं की सवलत दिली तर त्याच्या धंद्याच्या मानाने खर्च भरीव वाढतो. शिवाय निकालात साफ लिहिलंय की दुसऱ्यांना जबरदस्तीने ओव्हरटाइम करायला लावावं लागेल एवढं म्हणून मालक मोकळा होत नाही, आपखुशीने शिफ्ट बदलून घेण्यासारखे मार्गही तपासायला हवेत. आपखुशीने शिफ्ट बदलणं. मी ते वाक्य त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात उभ्याने तीनदा वाचलं आणि रडले, नवऱ्याला वाटलं भारतातून काही फोन आला.

मी मंडळाच्या ग्रुपवर निकालाची बातमी टाकली आणि शनिवारी पेढे आणते म्हणून लिहिलं. दुसऱ्याच दिवशी, ३० जूनला, ३०३ क्रिएटिव्ह या केसचा निकाल आला. कोलोरॅडोची एक वेब डिझायनर, लग्नाच्या वेबसाइट करून देणार म्हणते पण समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या करणार नाही, आणि राज्याने तिला तसं भाग पाडू नये. तिचे वकील एडीएफ, अलायन्स डिफेंडिंग फ्रीडम, अॅरिझोनातले, समलिंगी जोडप्याला लग्नाचा केक नाकारणाऱ्या कोलोरॅडोच्याच केकवाल्याची २०१८ ची केसही यांचीच आणि मिसिसिपीच्या गर्भपातबंदी कायद्यामागेही यांचा हात. सहा विरुद्ध तीनने जिंकले. त्या रात्री न्यू जर्सीतल्या एडिसनहून दिराचा फोन आला. माझ्या पुतण्याचं लग्न २०२१ मध्ये त्याच्या मित्राशी झालं, त्यांच्या मागच्या अंगणात, मंगलाष्टकं मी म्हटली होती. भाऊजी म्हणाले, "वहिनी, काल पेढे वाटत होतात. आज त्याच लोकांनी माझ्या पोराला दुकानाच्या बाहेर उभं केलं." आणि मग लाचारी वगैरे, तुमचाच शब्द.

मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकले नाही, नुसतं म्हटलं की संस्था वेगळ्या आहेत. ते म्हणाले एकाच माळेचे मणी. त्यात तथ्य आहे, मी नाकारत नाही, छावणी एकच आहे. पण म्हणून सगळ्या निकालांना एकाच मापाने मोजायचं? बेकेटचंच बघा. याच बेकेटने आर्कान्साच्या तुरुंगातल्या मुसलमान कैद्याला अर्धा इंच दाढी ठेवण्याचा हक्क मिळवून दिला, २०१५, तोही नऊ-शून्य. न्यूयॉर्कमधल्या फ्लशिंगच्या आपल्या गणपतीच्या देवळाचा कारभार कसा चालवायचा यात कोर्टाने हात घातला तेव्हा देवळाच्या बाजूने उभी राहिली तीही बेकेटच, आणि त्या देवळात भाऊजी दर संकष्टीला नाही तरी वर्षातून दोनदा जातात. आणि २०१४ मध्ये हॉबी लॉबी या दुकानांच्या साखळीची केसही बेकेटचीच, मालकांच्या श्रद्धेला पटत नाही म्हणून कामाला असलेल्या बायकांच्या विम्यातून काही गर्भनिरोधकं वगळायला परवानगी, पाच-चार.

या तिन्हींत मला तरी फरक लख्ख दिसतो. कैद्याच्या दाढीचा भार कोणावर पडला? कोणावरच नाही. देवळाच्या कारभाराचा? देवळातल्या लोकांवर, तो त्यांनीच उचलायचा. हॉबी लॉबीत मालकाच्या श्रद्धेचा भार काउंटरवर उभ्या असलेल्या बाईवर पडला, जिला कोणी विचारलं नव्हतं. माझ्या गौरींचा भार माझ्या मैत्रिणीने स्वतः मागून घेतला होता, हॉस्पिटलचे जास्तीत जास्त सोळा तासांचे वरचे पैसे गेले असते. पुतण्याच्या बाबतीत भार पुतण्यावर येतो, पैशाचा नाही, मान खाली घालून दुसरं दुकान शोधायचा. म्हणून मी ग्रॉफचा निकाल दोन्ही हातांनी घेते आणि ३०३ चा चुकीचा म्हणते. यात दुटप्पीपणा कुठला? कोण लढलं यावर निकाल बरा की वाईट ठरवायचं असेल तर मग आपण विचार करणंच सोडून दिलं. विहीर कोणी खणली हे विचारून पाणी पिणाऱ्यांनी आपल्या देशात काय केलंय ते आपल्याला चांगलं माहितीये.

आणि लाचारी म्हणाल तर मी त्या संस्थेला ना पत्र लिहिलं, ना देणगी दिली, ना त्यांनी माझं नाव ऐकलंय. कायदा सगळ्यांचा झाला, मी तो वापरला. २०२३ च्या गौरींसाठी ऑगस्टच्या सुरुवातीला एचआरला एक पानाचं पत्र दिलं. 'फेस्टिव्हल' हा शब्द एकदाही वापरला नाही, हे महत्त्वाचं, आपले लोक इथेच चुकतात, फेस्टिव्हल म्हटलं की त्यांना जत्रा आणि डान्स दिसतो. मी लिहिलं की हे माझं धार्मिक कर्तव्य आहे, घरच्या बाईनेच करायचं असतं, दिवस नक्षत्रावर ठरतो म्हणून दरवर्षी बदलतो, या वर्षीचे दोन दिवस हे, आणि अमुक सहकारी स्वखुशीने शिफ्ट घ्यायला तयार आहे, तिची सही सोबत. खाली ग्रॉफ विरुद्ध डीजॉय (तेव्हाचा पोस्टखात्याचा प्रमुख), २०२३, या केसचं नाव, एवढंच. फोन आला, तीन प्रश्न विचारले, नऊ दिवसांत मंजुरी. सही करणारी तीच, मेनोनाइट. ग्रॉफची केस सुप्रीम कोर्टात गेलीये हेही मला तिनेच सांगितलं होतं, तिच्या चर्चमध्ये त्याच्यासाठी प्रार्थना होत होती. ती मला मूर्तिपूजक समजते का, मी कधी विचारलं नाही. गौरींचे मुखवटे बघायला घरी आली होती, चपला बाहेर काढून, आणि धाकटीच्या नाकाजवळचं ते काळं काय आहे असं तिने हळूच विचारलं.

आता काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या त्या. मी वकील नाही. पंधरापेक्षा कमी माणसं असलेल्या मालकाला हा टायटल सेव्हन लागू होत नाही, तिथे राज्याचा कायदा बघा. युनियन असेल तर सीनियॉरिटीचे नियम मोडून सवलत मिळेल या भरवशावर राहू नका. नकार मिळाला तर इइओसीकडे, म्हणजे नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी संस्थेकडे, तक्रार करायची मुदत साधारण १८० दिवस, बऱ्याच राज्यांत ३००, ती निघून गेली की रडून उपयोग नाही, माझी २०१९ ची तशीच गेली. ग्रॉफ जिंकला म्हणतात पण सुप्रीम कोर्टाने केस नव्या मापाने तपासायला परत खाली पाठवली होती, हेही लक्षात ठेवा. आणि ३०३ बद्दल मी वर रागाने लिहिलंय, तर न्यायाचं म्हणून सांगते, तो निकाल धर्मस्वातंत्र्यावर नाही, भाषणस्वातंत्र्यावर आहे, आणि हॉल देणारा किंवा खुर्च्या भाड्याने देणारा त्याच्या आड लपू शकेल असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. ज्याच्या कामात स्वतःचे शब्द, स्वतःची कला आहे त्याच्यापुरता आहे. उद्या आपल्यातल्या एखाद्या डिझायनरला आपल्या देवांची टवाळी करणारं पोस्टर करायला सांगितलं तर तोही याच निकालाकडे धावेल. हे मला कळतं. तरी पुतण्याच्या लग्नाची पत्रिका आणि टवाळीचं पोस्टर एकाच तागडीत घालायला माझं मन तयार नाही.

देऊळ बांधताना गावाने झोनिंगचं, म्हणजे कुठल्या जागेत काय बांधता येईल याच्या नियमांचं, कारण काढून अडवलं तर त्यासाठी २००० सालचा वेगळा कायदा आहे, रलूपा म्हणतात, तो तुमचा प्रश्न नव्हता पण इथल्या प्रत्येक मंदिर कमिटीने तो वाचावा.

भाऊजी या साइटवर असतात, वाचतीलच. त्या फोननंतर ते गौरी जेवायला आलेले नाहीत, फक्त जाऊबाई येतात. भाऊजी, यंदा आवाहनाला आणि पूजनाला, दोन्ही संध्याकाळी मी घरी आहे, सुट्टी मंजूर झालीये. दोन्ही पोरांना घेऊन या. थोरलीचा मुखवटा आत आणायला मुलगी आहे, धाकटीचा पुतण्याच्या नवऱ्याने आणायचाय, सासूबाईंना विचारून ठेवलंय, त्या हो म्हणाल्यात.