टर्मिनलचे प्रश्न: बेरीज गेली कुठे?

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशेब मी बॅश स्क्रिप्टने (टर्मिनलमध्ये एकामागून एक चालणाऱ्या कमांडच्या फाइलने) करतो. जमा रकमांची फाइल ‘कॅट’ने वाचून पाइपमधून (एका कमांडचं आउटपुट पुढच्या कमांडला देणारं उभ्या रेघेचं चिन्ह) व्हाइल लूपला देतो आणि आत ‘टोटल’ या व्हेरिएबलमध्ये भर घालत जातो. लूपमध्ये एको (छापायची कमांड) टाकला की बेरीज वाढताना दिसते, लूपनंतर छापली की शून्य! एको टाकून टाकून कंटाळलो. टोटल नेमकी कुठे बदलते ते कसं पकडायचं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: आधी ते सगळे एको काढा. एखादा राहून जातो आणि नेमका कमिटीपुढच्या प्रिंटआउटमध्ये उगवतो.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट मायनस एक्स’ लिहा. मग बॅश प्रत्येक कमांड चालवण्याआधी ती छापतं, तीही व्हेरिएबलच्या जागी व्हॅल्यू भरून. त्या छापील ओळीच्या आधी काय यावं, हे ‘पीएस४’ नावाचं व्हेरिएबल ठरवतं. त्यात लाइननो (ओळीचा क्रमांक), बॅश_सबशेल (कमांड सबशेलमध्ये चालते का, ते सांगणारा आकडा) आणि टोटल हे तिन्ही डॉलर लावून, मध्ये कोलन देऊन लिहा. अवतरणचिन्ह एकेरीच हवं. दुहेरी दिलंत तर तिन्ही व्हॅल्यू तिथल्या तिथे गोठतील आणि प्रत्येक ओळीवर तेच आकडे दिसतील. हा सगळा मजकूर एररच्या वाटेने बाहेर पडतो, म्हणून तो वेगळ्या फाइलमध्ये वळवा. (स्क्रिप्टमध्ये पासवर्ड असेल तर तोही त्यात उतरेल, ती फाइल कुणाला फॉरवर्ड करू नका.)

रकमा अडीच-अडीच हजारांच्या असतील, तर बेरजेच्या ओळीपुढे ६:१:०, ६:१:२५००, ६:१:५००० असं दिसेल. लूप संपला की थेट ८:०:०. टोटलकडे नको, मधल्या आकड्याकडे बघा. १ म्हणजे सबशेल, म्हणजे बॅशची वेगळी प्रत, ० म्हणजे तुमची मूळ स्क्रिप्ट. पाइपमुळे बॅशने लूप वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवला. तिथली टोटल ही प्रत होती, लूपबरोबर तीही गेली. तुमची टोटल कधी बदललीच नव्हती!

तेव्हा ‘कॅट’ला रजा द्या. ‘डन’पुढे ‘पेक्षा लहान’चं चिन्ह आणि फाइलचं नाव लिहा, पाइपच उरत नाही. पाइप ठेवायचाच असेल तर बॅश ४.२ पासून ‘लास्टपाइप’ हा पाइपमधली शेवटची कमांड मूळ स्क्रिप्टमध्येच चालवणारा पर्याय आहे, पण मॅकवरचं मूळ बॅश ३.२ आहे, तिथे तो नाही. आणि स्क्रिप्ट ‘बॅश’ म्हणूनच चालवा. उबुंटूवर ‘एसएच’ म्हणजे डॅश हे वेगळं शेल, तिथे तो मधला आकडा रिकामाच येईल.