हार्नेस घ्यायचा तर त्यात लटकून बघ

प्रश्न : ताई, दोन वर्षं मी कृत्रिम भिंतीवर आणि बोल्ट मारलेल्या कातळावर चढते आहे. आता ट्रॅड, म्हणजे बोल्ट नसलेल्या कातळावर स्वतःच भेगांत आधार बसवत चढणं, शिकायचं ठरवलंय. पहिले काही महिने सेकंड, म्हणजे दुसऱ्याच्या मागून, जाईन, मग हळूहळू लीड, म्हणजे पुढे. माझा हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) हलका आहे, साधारण ३०० ग्रॅमचा. लेग लूप (मांड्यांभोवतीचे पट्टे) आवळता-सैलावता येत नाहीत, चार छोटे गिअर लूप (सामान अडकवायचे फासे) आहेत. गटातला एक दादा म्हणतो, हाच चालेल, उगाच वजन कशाला वाढवतेस. दुसरा म्हणतो, जाड गादीचा घे, तो जास्त सुरक्षित. नक्की काय बघून निवडू?
— एक वाचक, वय २४

उत्तर : आधी सुरक्षिततेचं बोलू. 'जाड तो जास्त सुरक्षित' हे खरं नाही. तुझ्या हार्नेसच्या आत शिवलेलं लेबल बघ. त्यावर ईएन १२२७७ (हार्नेसचं युरोपीय मानक) आणि 'टाइप सी' असं असेल, तर तो बैठा हार्नेस १५ किलोन्यूटनच्या ओढीला उतरलेला नमुना आहे. ढोबळमानाने दीड हजार किलो. तुझा ३०० ग्रॅमचा आणि दुसऱ्या दादाच्या मनातला ५०० ग्रॅमचा, दोघांची परीक्षा तीच. गादीने ताकद वाढत नाही. फरक पडतो तो तू त्यात किती वेळ असणार आणि त्याला काय काय अडकवणार, याने.

बोल्टच्या मार्गावर हार्नेसचं काम थोड्या वेळाचं असतं. चढलीस, पडलीस, जरा लटकलीस, खाली आलीस. ट्रॅडच्या लांब मार्गावर तो सकाळी कमरेला बसतो तो संध्याकाळी सुटतो. मधले कित्येक तास तू त्यात नुसती बसून दुसऱ्याला बिले देत, म्हणजे त्याचा दोर सांभाळत, असतेस.

हे मी शिकले एका उभ्या कड्यावर, दुसरी पिच (मार्गाचा एका दोरात चढायचा टप्पा) संपवून. पाय टेकायला बोटभर कंगोरा, बाकी सगळं वजन अँकरवर, म्हणजे कातळात पक्क्या केलेल्या आधारावर. मी भेगेत खोल बसवलेला एक नट (अडकवायचा धातूचा तुकडा) खालून येणाऱ्या जोडीदाराला काही केल्या निघेना. मी दोर धरून पाऊण तास बसले. पहिल्या पंधरा मिनिटांत अरुंद लेग लूपची कड मांडीच्या आतल्या बाजूला रुतायला लागली. आधी डावीकडे झुकले, मग उजवीकडे. अर्ध्या तासाने डाव्या पावलाला मुंग्या आल्या, मग ते बधिर झालं. जोडीदार वर आला तेव्हा पुढची पिच माझी होती. मी उभी राहिले आणि त्या पावलाखाली दगड आहे की नाही, तेच कळेना. पिच त्याने काढली. वाईट काही घडलं नाही. पण त्या पाऊण तासात त्याचा जीव माझ्या हातातल्या दोरावर होता आणि माझं अर्धं लक्ष मांडीत होतं, हे आठवलं की मी आजही अस्वस्थ होते.

म्हणून हार्नेस उभ्याने बघून घेऊ नकोस. दोर टांगलेला असेल तिथे जा, नेहमीचे चढायचे कपडे घालून जा, आणि दहा मिनिटं पाय अधांतरी सोडून लटक. अगदी दहा मिनिटं, घड्याळ लावून. पहिल्या मिनिटात सगळेच हार्नेस छान वाटतात.

लटकल्यावर वजन कुठे येतंय ते बघ. ते मुख्यतः मांड्यांवर यायला हवं आणि कमरपट्ट्याने तुला नुसतं सरळ धरून ठेवायला हवं. पट्टा बरगड्यांकडे सरकत असेल, श्वास जड होत असेल, तर बहुधा कमर आणि लेग लूप यांच्यातलं अंतर तुझ्यासाठी जास्त आहे. उलट मांड्यांवर सगळा भार येऊन तू मागे कलंडत असशील, तर ते अंतर कमी पडतंय. हे अंतर पट्ट्याच्या मापाने बदलत नाही, हार्नेसच्या घडणीत ठरलेलं असतं. बायकांसाठी म्हणून बनवलेल्या हार्नेसमध्ये ते सहसा थोडं जास्त ठेवतात. पण लेबलवर कोणासाठी लिहिलंय त्यापेक्षा तुझ्या अंगाला काय बसतं, ते महत्त्वाचं. मी दोन्ही प्रकारचे वापरले आहेत.

कमरपट्टा कटीच्या हाडांच्या वर बसला पाहिजे आणि दोन्ही हातांनी जोरात खाली ओढला तरी हाडांवरून उतरता कामा नये. उलटं पडल्यावर तुला आत धरून ठेवतो तो हाच पट्टा. आवळल्यावर बकलच्या पलीकडे पट्ट्याचं किमान ८ सेंटीमीटर शेपूट उरायला हवं. नेमका आकडा माहितीपत्रकात असतो, तो वाच. पातळ शर्टावर बकल शेवटपर्यंत आवळलेलं असेल किंवा जाड जाकिटावर शेपूटच उरत नसेल, तर माप बदल.

मापाची आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. गिअर लूप पट्ट्याच्या गादीवर शिवलेले असतात आणि गादीची लांबी ठरलेली असते. माप मोठं झालं तर पुढचे लूप पोटावर येतात, लहान झालं तर सगळेच मागे जातात. एकच बकल असेल तर आवळताना गादी एका बाजूला सरकते आणि डावे-उजवे लूप सारखे राहत नाहीत. दोन बकलांचा पट्टा दोन्हीकडून आवळून मधोमध आणता येतो. माझं मत विचारशील तर ट्रॅडसाठी दोन बकलं त्या थोड्या जास्त वजनाच्या मोलाची आहेत.

आता गिअर लूप, कारण खरी गोची इथे होते. दहा-बारा नट, सात-आठ कॅम (भेगेत फाकून बसणारी साधनं), दहा-बारा क्विकड्रॉ (आधाराला दोर अडकवायच्या दुहेरी कड्या) आणि लांब स्लिंगा (शिवलेल्या पट्ट्यांची वेटोळी), नट काढायचा हूक, बिले डिव्हाइस (दोर अडवायचं साधन), प्रुसिकच्या दोऱ्या (दोरावर पकड घेणाऱ्या गाठीच्या). सहज चार-पाच किलो होतात. तुझ्या चार छोट्या लूपांवर हे मावेल, पण एकावर एक चढून. लीड करताना तू बघून सामान काढत नाहीस, चाचपून काढतेस. डावा हात भेगेत अडकवलेला, पिंडऱ्या थरथरतायत, आणि उजवा हात पाठीमागे कॅम शोधतोय. मी एकदा असाच मागच्या लूपवरून हवा तो कॅम ओढला आणि त्याच्या तारेत गुंतलेला शेजारचा निघून खाली गेला. तो दगडावर दोनदा वाजला. जोडीदार बाजूला होता म्हणून बरं. तेव्हापासून अंगठा आणि पहिलं बोट न बघता जिथे सहज पोचतं, तिथेच माझे कॅम असतात. मागच्या लूपांवर फक्त अँकरचं आणि उतरायचं सामान.

म्हणून चार मोठे लूप आणि पाठीमागे पाचवा असा हार्नेस शोध. पुढचे दोन कडक, बाहेर उभे राहणारे हवेत, म्हणजे एका हाताने कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) अडकतो. मागचे मऊ असले तर उत्तम, कारण पाठीवर सॅक असली की कडक लूप तिच्याखाली दबून कमरेत टोचतात. काही हार्नेसचे लूप पुढे उतरते असतात, सामान आपोआप हाताशी घसरावं म्हणून. थोड्या क्विकड्रॉंना ते छान आहे. भरलेल्या रॅकला, म्हणजे वर सांगितलेल्या सगळ्या सामानाला, नाही. सगळं पुढे गोळा होऊन पाय उचलला की मांडीवर आपटतं. जवळपास सपाट लूप घे.

तरीही सगळं हार्नेसवर लटकवायचा हट्ट नको. दोन कातळ काटकोनात मिळतात तिथे तुझी एक कूस दगडाला घासत असते आणि त्या बाजूचं सामान असून नसल्यासारखं. चिमणीत, म्हणजे अंग आत शिरेल अशा रुंद भेगेत, तर दोन्ही बाजू अडकतात. अशा वेळी खांद्यावरून घ्यायची गिअर स्लिंग कामाला येते, तिला हव्या त्या अंगाला फिरवता येतं. म्हणून दुकानात जाताना गटातल्या कुणाचा तरी पूर्ण रॅक मागून ने. लूपवर चढव, पाय गुडघ्यापर्यंत उचलून बघ, मग त्यासकट लटक. रिकामा हार्नेस तुला काहीच सांगणार नाही.

लेग लूपबद्दल थोडक्यात : थंडीत जाड विजार, उन्हात पातळ, असं दोन्हीत चढणार असशील तर आवळता येणारे घे. नेहमी एकाच कपड्यात चढत असशील तर लवचीक पट्टीचे पुरेत. आत सपाट हात जावा, मूठ जाऊ नये. मागच्या लवचीक पट्ट्या सोडता येतात का ते मात्र नक्की बघ. लांब मार्गावर लघवीला जायचं तर कमरपट्टा आणि दोराची गाठ न सोडता फक्त त्या पट्ट्या सोडून काम होतं. आम्ही बायका याबद्दल मोकळेपणी बोलत नाही आणि मग दिवसभर पाणी पीत नाही. ते धोक्याचं आहे, म्हणून इथे लिहिते आहे.

एक इशारा. गिअर लूप जीव टांगायला नसतात. अनेक कंपन्या माहितीपत्रकात त्यांची मर्यादा ५ किलो लिहितात. ऐकताना वाटतं, अशी चूक कोण करेल? अंधार पडताना, थकलेल्या हातांनी, चार थरांच्या कपड्यांखाली चाचपून कॅराबिनर अडकवताना ती होते. माझ्या एका जोडीदाराने अँकरवर पोचल्यावर स्वतःला गिअर लूपमध्ये अडकवलं होतं आणि तो मागे टेकणार इतक्यात माझं लक्ष गेलं. मी ओरडले. दोर बांधायचा तो कमरपट्ट्याच्या आणि लेग लूपच्या दोन्ही टाय-इन पॉइंटमधून, आणि बिले डिव्हाइस बिले लूपला, म्हणजे त्या दोन्हींना जोडणाऱ्या पुढच्या गोल पट्ट्याला. ज्या हार्नेसमध्ये गिअर लूप, टाय-इन पॉइंट आणि बिले लूप नुसत्या स्पर्शाने वेगळे ओळखू येतात, तो चांगला.

जाता जाता : पूर्वी लोक दोर थेट कमरेलाच बांधत. १९७० च्या अन्नपूर्णा दक्षिण कड्याच्या मोहिमेसाठी ब्रिटिश गिर्यारोहक डॉन व्हिलन्स यांनी बैठा हार्नेस बनवला आणि पुढे तो खूप वापरला गेला. दोरावर बसता यावं, ही गरज तिथूनच चालत आली आहे. तुझ्या दोन्ही दादांना सांग, तू बसायला हार्नेस शोधते आहेस.

सेकंड जायचे हे महिने तुझाच हार्नेस वापर. कुठे रुततो, कुठे हात पोचत नाही, ते तुझं तुला कळेल.

प्रश्न : एका मित्राने गिर्यारोहण सोडलं. त्याचा ट्रॅडचा हार्नेस तो मला फुकट देतोय. नऊ वर्षांपूर्वी घेतलेला, पण चार-पाच वेळाच वापरलेला. दिसायला कोरा आहे. घेऊ का?
— एक वाचक

उत्तर : नको. मित्राचं मन मोठं आहे, पण नायलॉन आणि पॉलिएस्टर न वापरताही जुने होतात, आणि बहुतेक कंपन्या पडून राहिलेल्या हार्नेसलाही जास्तीत जास्त दहा वर्षं देतात. त्यापेक्षा मोठी अडचण म्हणजे त्याचा इतिहास. नऊ वर्षं तो गाडीच्या डिकीत बॅटरीजवळ होता का? बॅटरीतलं आम्ल नायलॉनला आतून खातं आणि बाहेरून काही दिसत नाही. त्यावर एखादा मोठा फॉल झाला होता का? मित्रालाही आठवत नसेल.

झीज डोळ्यांना दिसली तरी माणूस ती पुढे ढकलतो, हे टॉड स्किनर यांच्या मृत्यूने आम्हा सगळ्यांना दाखवलं. अत्यंत अनुभवी गिर्यारोहक. ऑक्टोबर २००६ मध्ये अमेरिकेत योसेमिटीतल्या लीनिंग टॉवर या कड्यावरून दोराने उतरताना त्यांचा बिले लूप तुटला. तो झिजला होता, हे त्यांना माहीत होतं. नवा हार्नेस मागवलाही होता. नवा बिले लूप ७५ किलोच्या माणसाच्या वीसपट वजन सहज पेलतो, तोच झिजून एका माणसाच्या वजनाला तुटला. स्लिंग एकाच जागी कायमची गुंतवून ठेवली की लूप त्या जागी घासत राहतो. म्हणून बिले लूपला काही गुंतवून ठेवू नका, आणि त्याला अधूनमधून बोटांनी फिरवून पूर्ण गोल तपासा. सगळ्यात आधी झिजतात ते दोर जातो ते टाय-इन पॉइंट. काही हार्नेसमध्ये तिथे आत वेगळ्या रंगाचे धागे असतात. ते दिसायला लागले की हार्नेस संपला.

मित्राचा हार्नेस स्वीकारलात तर कात्रीने बिले लूप कापून टाका, म्हणजे उद्या दुसरं कुणी तो उचलून बांधणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी सात वर्षांची आहे, आमच्याबरोबर चढायचं म्हणते. माझा जुना छोट्या मापाचा हार्नेस तिला घट्ट आवळून बसतो. चालेल?
— एक आई

उत्तर : नाही, कितीही घट्ट बसला तरी. या वयात कटीची हाडं पट्टा अडवण्याइतकी भरलेली नसतात आणि अंगाच्या मानाने डोकं जड असतं. मूल उलटं झालं तर कमरपट्ट्यातून निसटू शकतं. तिला पूर्ण अंगाचा हार्नेस घ्या, ज्यात दोर छातीशी बांधला जातो. ४० किलोपर्यंतच्या मुलांसाठी ईएन १२२७७ मध्ये 'टाइप बी' असा वेगळा प्रकार आहे, लेबलवर तो बघा. पुढे तिला बैठा हार्नेस द्यायची वेळ आली की तो नीट आवळा आणि दोन्ही हातांनी खाली ओढून बघा. तो जरा जरी सरकला, तर पूर्ण अंगाचाच चालू ठेवा.