आमिश प्रेमकथा आणि नाताळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाचनालयाच्या हस्तलिखित अंकासाठी मी अमेरिकेतल्या आमिश लोकांची (आधुनिक सोयींपासून दूर, साधेपणानं राहणारा ख्रिस्ती समाज) नाताळातली प्रेमकथा लिहिली. गाव पेनसिल्व्हेनियातल्या लँकेस्टरजवळचं, नायिका शाळेत शिकवते. 25 डिसेंबरला चर्चमध्ये लग्न लागतं, नायक तिला अंगठी घालतो, दारात सजवलेलं झाड आहे. मैत्रीण म्हणते, कथा गोड आहे पण खरी वाटत नाही. कुठं बिघडलं?
– एक वाचिका, दारव्हा (जि. यवतमाळ)

उत्तर : ताई, मैत्रिणीला बरोबर खटकलं. अंगठी, झाड आणि चर्चची इमारत या तिन्ही गोष्टी आधी काढून टाका. आमिश स्त्री-पुरुष लग्नाची अंगठी घालत नाहीत. लग्न झाल्याची खूण म्हणजे पुरुषाची दाढी, तीही मिशीशिवाय. उपासना एक रविवार आड, पाळीपाळीनं एकेकाच्या घरी होते आणि बाकं घोडागाडीवर लादून त्या घरी पोचवली जातात. झाडावर दिवे लावणं किंवा सांताक्लॉज आणणं त्यांच्यात बसत नाही. खिडकीत एखादी मेणबत्ती, दोरीवर अडकवलेली भेटकार्डं एवढी सजावट पुरे.

खरी अडचण तारखेची आहे. लँकेस्टरकडे लग्नं मक्याची कापणी आटोपल्यावर, मुख्यतः नोव्हेंबरात आणि डिसेंबरच्या सुरुवातीला लागतात. वार ठरलेले, मंगळवार आणि गुरुवार, म्हणजे आदल्या दिवशी तयारीला आणि दुसऱ्या दिवशी आवरायला वेळ मिळतो. पाहुणे तीनशेच्या घरात आणि स्वयंपाक घरचाच, त्यामुळे दुसरा मार्ग नसतो. प्रेम जुळलेलं असलं तरी ते झाकून ठेवतात. शरदातल्या प्रभुभोजनाच्या विधीनंतर उपासनेत जाहीर घोषणा होते, मग थोड्याच आठवड्यांत लग्न. तोवर शेजारणी वाफ्यावरून अंदाज बांधतात. लग्नाच्या जेवणात सेलरी भरपूर लागते. ही आपल्या सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या कुळातली, जाड देठांची भाजी. ज्या घरी मुलगी लग्नाची आहे तिथं उन्हाळ्यातच तिच्या जास्तीच्या ओळी लागतात. तुमच्या कथेत नायिकेची आई त्या ओळींना पाणी देताना दाखवा, घोषणेची बातमी वाचकाला आपोआप कळेल.

आता नायिका शिक्षिका आहे, याचा फायदा घ्या. आमिश शाळा एका खोलीची, पहिली ते आठवी. आठवीपुढं न शिकवण्याचा त्यांचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्ये मान्य केला. शिकवणारी बहुधा अविवाहित तरुणी असते आणि लग्न झालं की ती शाळा सोडते. म्हणजे डिसेंबरात नाताळच्या कार्यक्रमाला ती फळ्यापाशी उभी असेल, तर या हंगामात तिचं लग्न हुकलेलं आहे आणि पुढचा हंगाम जवळजवळ वर्षभर लांब आहे. कथेचा पेच इथंच आहे, बाहेरून काही आणावं लागत नाही. तारेवर चादरी अडकवून केलेला पडदा, पाठ केलेल्या कविता म्हणणारी पोरं, बाकांवर दाटीनं बसलेले आईबाप. त्या गर्दीत मागच्या भिंतीशी नायक उभा करा. लग्नाची कथा नकोच, होकाराची लिहा.

प्रश्न : माझ्या कथेत नायक समाज सोडून शहरात गेलेला आहे. नाताळला तो घरी येतो तेव्हा त्याच्याशी कोणी बोलत नाही. ‘वाळीत टाकलेला’ असा शब्द वापरला तर चालेल का?
– एक वाचक, मोर्शी (जि. अमरावती)

उत्तर : तो गेला तेव्हा त्याचा बाप्तिस्मा झाला होता का, हे आधी ठरवा. आमिश बाप्तिस्मा लहानपणी देत नाहीत, तरुण मुलगा किंवा मुलगी तो समजून-उमजून घेते. साधारण सोळाव्या वर्षापासून मुलांना मोकळीक असते, रविवारी संध्याकाळी तरुणांचं गाणं असतं आणि तिथून मुलगा मुलीला घोडागाडीतून घरी सोडतो. बाप्तिस्म्याआधी कुणी निघून गेला तर आईबाप झुरतात, पण बहिष्कार नसतो. शपथ घेऊन ती मोडली तरच तो लागू होतो. आपल्याकडे ज्यानं माळ घातलीच नाही त्याला माळ तोडल्याचा बोल कोण लावेल, तसंच हे. आणि लग्नासाठी बाप्तिस्मा दोघांचाही झालेला लागतो, हेही विसरू नका.

बहिष्कारातही बोलणं बंद नसतं. बंद होतं ते एका टेबलावर जेवणं आणि त्याच्या हातून वस्तू घेणं. जेवणाच्या पंगतीचा हा कडकपणा पाळायचाच, या आग्रहावरून याकोब आमान 1693 मध्ये इतर अॅनाबॅप्टिस्टांपासून (मोठेपणी बाप्तिस्मा घेणाऱ्या ख्रिस्ती पंथीयांपासून) वेगळे झाले आणि आमिश हे नाव त्यांच्यावरूनच पडलं. काही घरांत आई दोन टेबलं चार बोटं अंतर ठेवून मांडते आणि दोन्हींवर एकच चादर पसरते. नियम पाळला जातो आणि मुलगा जवळही बसतो. तुमचा नाताळचा प्रसंग त्या चार बोटांवर लिहा. त्यानं मंडळीपुढं गुडघे टेकून चूक कबूल केली की त्याला परत घेतात, हा दरवाजा कायम उघडा असतो.

शब्दाबद्दल म्हणाल तर ‘वाळीत टाकणे’ म्हटलं की आपल्या वाचकाला जातपंचायत आणि 2016 चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आठवतो. ‘पंगतीबाहेर ठेवलेला’ म्हणा. अर्थ नेमका बसतो.

प्रश्न : अनुवाद करताना ‘इंग्लिश’ माणूस आणि ‘पेनसिल्व्हेनिया डच’ भाषा यांचं काय करावं?
– एक वाचिका, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : आमिशांच्या तोंडी ‘इंग्लिश’ म्हणजे आमिश नसलेला कुणीही, मग तो कुठल्याही देशाचा असो. पहिल्यांदा ‘बाहेरचे, म्हणजे इंग्लिश’ असं लिहून पुढं ‘इंग्लिश’ तसंच ठेवा. ती भाषा डच नाही, जर्मनची बोली आहे. बायकांच्या डोक्यावरच्या पांढऱ्या टोपीला पदर म्हणू नका, टोपीच म्हणा. त्यांची बग्गी आपल्या खासरासारखी (मालाच्या बैलगाडीसारखी) जड नसते, बसायला दमणी असते तशी हलकी, पण एका घोड्याची आणि लँकेस्टरला राखाडी छताची.

प्रश्न : थंडीचे आणि गोठ्याचे तपशील किती द्यावेत?
– एक वाचक, तिवसा (जि. अमरावती)

उत्तर : जेवढ्यानं प्रसंग हलतो तेवढे. डिसेंबरात तिथं सूर्य पावणेपाचच्या सुमाराला मावळतो, त्यामुळं संध्याकाळची भेट अंधारातच होणार. घोडा तासाला 13 ते 16 किलोमीटर चालतो. प्रेयसीचं घर 30 किलोमीटरवर ठेवलंत तर नायकाला रोज रात्री भेटायला पाठवू नका. बर्फात नालेच्या आत गोळा धरतो आणि घोडा लंगडतो. म्हणून निघताना आणि वाटेत थांबून खूर कोरावे लागतात. नायक उशिरा पोचायला एवढं कारण पुरे. बर्फ मात्र दर नाताळला पडतोच असं नाही.

गोठ्यात कंदिलाच्या उजेडात हातानं धार काढणारा नायक बऱ्याच कथांत दिसतो. लँकेस्टरच्या दुधाच्या शेतावर डिझेल इंजिनावर चालणारं दूध काढायचं यंत्र असतं, दूध थंड ठेवायची टाकीही असते. बाहेरून तारेनं येणारी वीज तेवढी घरात नाही. गाई नाताळलाही दोन वेळा दुहाव्या लागतात. 26 डिसेंबर हा त्यांचा ‘दुसरा नाताळ’, नातेवाइकांकडे जाण्याचा. त्या दिवशी पाहुणे बसलेले असताना पाचच्या सुमाराला गोठ्यातलं इंजिन सुरू होतं आणि पुरुष उठून जातात. स्वयंपाकघरात नायिका आणि नायकाची आई दोघीच उरतात, भांडी विसळायला. त्यांचं बोलणं तिथं घाला.